दुपट्ट्याखालची बोटे

मालेगावचे कॉलेज सोडून मी वाशीमला गेले ती विज्ञान शिकण्यासाठी. हे वाक्य मी पुढच्या दोन वर्षांत पुष्कळांना ऐकवले आणि फार थोड्यांनी ते खरे मानले, म्हणून या प्रकरणाच्या आरंभीच ते एकदा स्वच्छ लिहून ठेवते. मालेगाव हे वाशीमजवळचे, आमच्या तालुक्याचे गाव. तिथल्या ज्या कॉलेजात मी पहिले वर्ष केले, तिथे मुलांअभावी विज्ञानाचे पुढचे वर्ग भरेनासे झाले. बरोबरीच्या मुलींनी मुकाट्याने कला शाखा धरली. मला भौतिकशास्त्र सोडवेना. वाशीमला ते वर्ग होते, प्रयोगशाळा होती, आणि मुलींच्या वसतिगृहात व्हॉलीबॉलच्या संघासाठी राखलेल्या काही खाटा होत्या. त्यांतली एक मला मिळाली. अट अशी की संघात जागा असेल तोवरच खाट. आमच्या मेडशीहून निघालेली सकाळची एसटी वाशीमला पोचेपर्यंत प्रात्यक्षिकाचा तास संपत आलेला असे, त्यामुळे खाट गेली की विज्ञानही गेले, हे घरात सगळ्यांना समजले होते. वाचकानेही ते ध्यानात ठेवावे. पुढे जे घडले ते त्या एका लोखंडी खाटेवरून घडले.

आमचा मळा मेडशीच्या शिवारात, रस्त्याला लागून होता. सोयाबीन आणि तुरीच्या त्या मुलखात आम्ही भाजीपाला पिकवणारे, म्हणून आमच्या घराचे वेळापत्रक इतरांहून वेगळे. विहिरीवरचे इंजिन दिवसभर ठकठक करी आणि ते मध्येच थांबले की घरातली सगळी माणसे हातातले काम तसेच ठेवून माना वर करीत. संध्याकाळी ओसरीवर ओली पोती पसरून मेथीच्या आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधायचे काम चाले. आई अंबाडीच्या सुताची गाठ मारून टोक दाताने तोडी. काकू वांगी निवडी. बाजारात न खपणारी किडकी वांगी आमच्या वाट्याची. काकू ती तुराट्यांच्या विस्तवावर भाजे, कीड लागलेला भाग बोटाने काढून टाकी, आणि उरलेल्या वांग्याचे हिरवी मिरची, लसूण घालून असे भरीत करी की कळण्याच्या भाकरीबरोबर ते खाताना कोणाला किडीची आठवण राहत नसे. माझी उंची हा त्या ओसरीवरचा नेहमीचा विषय होता. आढ्याला टांगलेल्या लसणाच्या जुड्या मी टाचाही न उचलता काढीत असे, आणि काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "पोरगी कायची, शिडी हाये आमची. नवरदेव पायरीवर उभा करा लागन." मी वाशीमला निघाले त्या दिवशी बाबांनी माझी पेटी एसटीच्या टपावर चढवली, दोर ओढून पाहिला आणि म्हणाले, "खाट टिकली तं शिक्षण टिकन. नाई तं घरी वांगे हायेतच." ते रागाने बोलले नव्हते. रागाने बोलले असते तर मला सोपे गेले असते.

आता शारदेविषयी सांगितले पाहिजे. मालेगावला शाळेपासून आम्ही दोघी एकाच संघात खेळलो. ती लिफ्टर होती, म्हणजे दुसरा स्पर्श तिचा; आलेला चेंडू नेटजवळ कोणासाठी आणि किती उंच उचलून द्यायचा हे ती ठरवी. मी मधली ब्लॉकर. नेटच्या मध्यभागी उभे राहून समोरचा फटका हातांनी अडवणे हे माझे पहिले काम, आणि शारदेने दिलेला जलद चेंडू मारणे हे दुसरे. तिचे वडील बैलबाजारात दलाल होते. ज्यांनी बैलांचा सौदा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: भाव तोंडाने बोलला जात नाही. घेणारा आणि देणारा दुपट्ट्याखाली, म्हणजे खांद्यावरच्या उपरण्याखाली, हात घालतात आणि एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवतात. भोवती पन्नास माणसे उभी असली तरी त्यांना फक्त कापड हललेले दिसते. शारदा सांगे की दुपट्ट्याखाली खोटे बोट कोणी दाबत नाही. ज्याने दाबले त्याच्या हातात पुढे कोणी हात देत नाही.

हीच रीत तिने मैदानावर आणली. प्रत्येक गुणानंतर खेळाडू एकमेकींच्या हातावर हात मारतात, तेवढ्या क्षणात ती माझे बोट दाबी. एक बोट म्हणजे चेंडू माझ्या पुढ्यात, जलद. दोन म्हणजे तिच्या पाठीमागे. मूठ म्हणजे चेंडू तुला नाही, तू नुसती उडी मार. आणि सामन्याआधी तीच खूण दोनदा दाबली तर आजचा सगळा भर त्या बाजूला. बघणाऱ्याला वाटे मुली हात मिळवत आहेत. तालुक्यात आम्हाला कोणी अडवू शकले नाही, त्याचे कारण माझ्या उंचीइतकेच त्या बोटांत होते.

मी वाशीमला चालले हे सांगितल्यावर शारदा माझ्याशी बोलायची थांबली. भांडण झाले असते तर ते मिटवताही आले असते. मंगळवारच्या बाजारात बाबा भाजी घेऊन बसत. तिथून जाताना तिचे वडील पूर्वी थांबून सांबाराची काडी तोंडात टाकीत, ते आता दुसऱ्या ओळीने जाऊ लागले. संघातल्या मुली स्टँडवर दिसल्या की पाठ फिरवीत आणि मी पुढे गेल्यावर हसत. एकीने माझ्या भावाला विचारले, वाशीमवाल्यांनी बहीण किलोला काय भावाने नेली. भाऊ तापट, पण आईने त्याला हात धरून घरी आणले.

वाशीमला याहून बरे असेल अशी माझी समजूत होती. तिथे संघाची कर्णधार कल्पना नावाची मुलगी होती. तीही लिफ्टर, बुटकी, जाड भुवयांची, सर्व्हिस अशी कठीण की समोरच्या मुली तिच्या पाळीला पदर खोचून उभ्या राहिल्यासारख्या उभ्या राहत. तिची जिवाभावाची मैत्रीण रेखा. रेखा कामरगावची, आणि माझ्याआधी मधली ब्लॉकर होती. मला मिळालेली खाट तिची होती. मी पेटी घेऊन खोलीत शिरले तेव्हा रेखा आपली गादी गुंडाळत होती. ती कल्पनाच्या खोलीत जमिनीवर झोपू लागली. वॉर्डनबाईंनी काही महिने डोळेझाक केली. या गोष्टीत माझा काही हात नव्हता. पण रेखाचा तरी काय होता?

पहिल्या रात्रीच्या जेवणालाच कल्पनाने मला विचारले, "तू कोणाची हायेस थे पयले सांग." मी म्हटले, आता इथलीच. ती म्हणाली, "मालेगावची पाहुणी म्हणा लागन मंग. पाहुण्याले वाढा व." आणि माझ्या ताटात वरणाची कढई जवळजवळ रिकामी केली, इतकी की भात तरंगू लागला. पातळ, हिंगही न घातलेले ते वरण मी सगळे संपवले. पुढे हे रोजचे झाले. माझे बूट ओल्या बादलीत सापडत. गुडघ्याचे पॅड एकच सापडे. मी बोलले की बोलणे थांबे. मैदानावर तर त्याहून साधा उपाय होता: कल्पना मला चेंडूच देत नसे. सराव संपे, सगळ्यांचे फटके मारून होत, आणि मी नेटजवळ नुसत्या उड्या मारून घामाघूम झालेली असे.

आमचे प्रशिक्षक इंगोले सर कोरडे पण न्यायी गृहस्थ होते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मालेगावशी गाठ पडणार हे स्पष्ट झाल्यावर त्यांनी सर्वांसमोर मला त्या संघाच्या खुणा विचारल्या. मी जे होते ते सांगितले: खुणा हातात असतात, बोटे दाबून, नेटच्या या बाजूने त्या दिसणे शक्य नाही. त्यामुळे त्या सांगून उपयोग नाही. सरांनी मान हलवली. कल्पना मात्र म्हणाली, "दिसत नाई म्हणते. इतके वर्स तिच्या हातात हात घालून खेळली, अन् दिसत नाई. सर, हिच्या पोटात अजून मालेगावच हाये."

सर म्हणाले, "कोण कोणाची मैत्रीण, त्याच्याशी मले काम नाई. मधातून बॉल गेला नाई पाह्यजे." आणि मग सांगितले की मालेगावच्या सामन्यानंतर वर्षभराचा संघ कायम होईल. मधल्या जागेवर एकच मुलगी राहील. एकच खाट राहील, हे त्यांना बोलावे लागले नाही.

चेंडू मिळत नसल्यामुळे माझ्याकडे फक्त अडवणे उरले, आणि मी ते एखाद्या विषयासारखे शिकले. शिकू इच्छिणाऱ्यासाठी ते थोडक्यात मांडते. ब्लॉकरची मोठी चूक म्हणजे लवकर उडणे. नजर आधी चेंडूवर, मग लिफ्टरवर, पुन्हा चेंडूवर आणि शेवटी मारणाऱ्या मुलीच्या खांद्यावर, अशा क्रमाने गेली पाहिजे. खांदा उघडला की पाय सोडावेत, त्याआधी नाही. हात नेटच्या वर उभे करून भागत नाही, ते पलीकडे न्यावे लागतात. आज मी शिकवते त्या शाळेतल्या मुली समोरच्या संघाचा खेळ मोबाइलवर थांबवून थांबवून पाहतात आणि लिफ्टरची सवय दोन मिनिटांत ओळखतात. त्यांना मी सांगते की मोबाइल बंद करा आणि एकमेकींसमोर उभ्या राहा. त्या ऐकत नाहीत, आणि बहुतेक वेळा जिंकतातही.

सामना वाशीमच्या मैदानावर झाला. मुरमाची जमीन, चुन्याच्या रेघा, आणि मालेगावहून जीपमध्ये कोंबून आलेली मुले, जी माझे नाव घेऊन सुरात काही ओरडत होती. ते इथे लिहिण्यासारखे नाही. सामन्याआधी दोन्ही संघ नेटखालून हात मिळवतात. शारदा माझ्यासमोर आली. कित्येक महिन्यांत ती मला इतक्या जवळून दिसली नव्हती. तिने हात दिला, आणि माझी दोन बोटे दाबली. सोडली, आणि पुन्हा दाबली.

आज सगळा भर पाठीमागे. मी तिच्याकडे पाहिले. ती माझ्या पलीकडे पाहत होती. मला वाटले ते असे: इतक्या दिवसांनी ती माझ्याशी बोलली आहे. आपल्या संघाविरुद्ध ती मला काही देत आहे, असेही मला वाटले नाही. ती मला सांगत आहे, की बघ, माहीत असूनही तुला अडवता येणार नाही. शारदेचा गर्व मला ठाऊक होता आणि तो या खुणेत बरोबर बसत होता. आणि दुपट्ट्याखाली खोटे बोट कोणी दाबत नाही, हे तर मी शाळेपासून मानत आले होते. भौतिकशास्त्रासाठी घर सोडणारी मुलगी ज्या गोष्टीचा पुरावा मागत नव्हती अशी ती एकच गोष्ट असावी.

पहिल्या सेटमध्ये मी डावीकडे सरकून उभी राहिले, जिथे तिचा पाठीमागचा चेंडू आला असता. चेंडू मधून आला. पुन्हा मधून आला. मला वाटले सुरुवातीला ती फसवते आहे, मग भर बदलेल. बदलला नाही. मी सोडलेल्या मोकळ्या जागेतून त्यांची नवी मधली मुलगी, माझ्यापेक्षा पुष्कळ ठेंगणी, निवांतपणे मारत राहिली आणि जीपमधल्या मुलांचे गाणे वाढत गेले. सेट गेला.

विश्रांतीत कल्पना सरळ माझ्यासमोर आली. "हातात काय देलं तिनं? मी पाह्यलं, हात लवकर सोडला नाई."

मी सांगितले. खोटे सांगण्याचे मला सुचलेच नाही. मग कल्पना अगदी शांतपणे म्हणाली, "अन् तू मानलं. आमी इथी इतके दिवस घसा फोडून राह्यलो, थे आयकलं नाई. तिनं बोट दाबलं, थे मानलं." मग ती सरांकडे वळली. "आता तरी रेखाले उतरवा."

सरांनी रेखाला उतरवले. मी बाकावर बसले. तिथून मैदान आडवे दिसते, आणि त्या आडव्या दिसण्यामुळेच एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. इतकी वर्षे मी शारदेच्या बाजूला उभी राहिले होते. तिचा हात मला पाठ होता, पण लिफ्ट देणारी शारदा मी कधी नीट पाहिलीच नव्हती. आता पाहिली. चेंडू पुढे द्यायचा असेल तेव्हा तिची हनुवटी खाली, गळ्याशी राही. पाठीमागे द्यायचा असेल तेव्हा चेंडू हातात येण्याच्या जरा आधीच ती हनुवटी वर उचली. मी एकदा पाहिले, दुसऱ्यांदा पाहिले, मग पुढचा चेंडू कुठे जाणार ते मनात आधी म्हणू लागले. चुकले नाही.

दुसरा सेट आम्ही कल्पनाच्या सर्व्हिसवर जिंकला. तिसऱ्या, निर्णायक सेटमध्ये मात्र शारदेने रेखाला हेरले. रेखा चांगली मारे, पण तिची उडी लवकर होई, आणि शारदा ती उडी संपण्याची वाट पाहून चेंडू सोडू लागली. सर उठले. कल्पनाने मैदानातून ओरडून सांगितले की तिला पाठवू नका. सरांनी मला पाठवले. बाहेर येताना रेखाने नियमाप्रमाणे माझ्या हाताला हात लावला.

मी नेटजवळ उभी राहिले आणि हनुवटी पाहू लागले. पहिला चेंडू मधून आला, तो मी अडवला. पुढचाही. शारदेने प्रथमच माझ्याकडे नीट पाहिले, आणि मग तिने जे करायला हवे होते ते केले: भर मागे नेला. बरोबरी झाली, मग आमचा एक गुण वर. शेवटच्या चेंडूला तिची हनुवटी उचलली गेली. मी मोठ्याने ओरडले, "मागून." माझ्या डाव्या हाताची मुलगी जागची हलली नाही. मी सांगितले म्हणूनच हलली नाही, याबद्दल मला शंका नाही. मी एकटीच धावले, मारणारीचा खांदा उघडेपर्यंत थांबले आणि उडी घेतली. चेंडू माझ्या मनगटांवर आपटून त्यांच्याच मुरमावर पडला.

आमच्या मुली कल्पनाभोवती गोळा झाल्या. मी नेटखालून हात मिळवायला गेले. शारदा आली, तेव्हा मी तिचा हात धरून ठेवला आणि म्हटले, "दुपट्ट्याखाली खोटं दाबलं तू."

ती रागावली नाही. कोणाला उदाहरण समजावून द्यावे तशी म्हणाली, "सौदा असला तं दुपट्टा. तू बाजार सोडून गेली. मंग माह्या हातात तुह्यासाठी खरं कायले राहीन?" आणि हात सोडवून घेतला. तिचे हे म्हणणे मी पुढे पुष्कळ वर्षे तपासून पाहिले. त्यात चूक सापडली नाही. आमचे बोलणे ते शेवटचे.

दुसऱ्या दिवशी सरांनी संघ सांगितला आणि दुपारी रेखाने पेटी भरली. वॉर्डनबाईंची डोळेझाक संपली होती. कामरगावहून रोज ये-जा होण्यासारखी नव्हती. ती घरी राहून बाहेरून परीक्षा देणार होती, असे मला कोणाकडून तरी कळले. पेटीची एक कडी तिने धरली, दुसरी कल्पनाने. माझ्या खोलीच्या दारावरून जाताना रेखा थांबली. मला काही बोलायचे होते, पण ती आधी बोलली. "त्या खाटेचा मधला पत्रा रुतते. खाली पोतं टाकजो." एवढे सांगून त्या दोघी पेटी सांभाळत जिना उतरल्या, स्टँडकडे गेल्या. तिने शिवी दिली असती तर मी ती आज विसरले असते.

संध्याकाळी सराव होता. कल्पना स्टँडवरून थेट मैदानावर आली. डोळे सुजलेले, केस बांधलेले नव्हते. तिने केस बांधले, चेंडू उचलला आणि इतक्या महिन्यांत प्रथमच माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बॉल कोठी पाह्यजे?"

मी सवयीने हात पुढे केला. तिने आपले दोन्ही हात चेंडूसकट पाठीमागे नेले.

"हातात नाई. तोंडानं सांग. सगळ्याईले आयकू आलं पाह्यजे."

मी सांगितले. नेटपासून हातभर मागे, माझ्या डोक्यावर दोन हात उंच, आणि मी पाय उचलण्याच्या आधी. बाकीच्या मुली उभ्या राहून ऐकत होत्या, म्हणून मी ते पुन्हा एकदा, शेवटच्या मुलीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले. कल्पना आपल्या जागेवर गेली. मागून पास आला. तिने दिलेला चेंडू मी सांगितला तिथे, तितक्याच उंचीवर, तंतोतंत होता, आणि रेखाच्या जागेवरून उडी घेऊन मी तो मारला.